बी-कॉम्प्लेक्सची एक बाटली आणि तिच्या लेबलावरचे आकडे

आईला मधुमेहासाठी मेटफॉर्मिन सुरू होऊन दहा वर्षे झाली. हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या शरीरात बी१२ जीवनसत्त्वाचे शोषण कमी होऊ शकते; तिच्या तपासणीतही ते कमी आले आणि डॉक्टरांनी रोज ५०० मायक्रोग्रॅम बी१२ तोंडावाटे घ्यायला सांगितले. नुसत्या बी१२ची गोळी आणण्याऐवजी मी ब गटातील आठही जीवनसत्त्वे असलेली एक कॅप्सूल आणली, कारण तिच्यात बी१२ सांगितल्याइतकेच होते आणि बाकीची सात सोबत मिळत होती. साडेतीन महिन्यांच्या वापरानंतर ही कॅप्सूल आम्ही बंद केली आहे. बी१२ने आपले काम चोख केले. बंद करावी लागली ती त्या सोबतच्या सातांपैकी दोघांच्या मात्रेमुळे. उत्पादकाचे नाव मी येथे देत नाही, कारण अशाच आकड्यांची लेबले अनेक बाटल्यांवर दिसतात आणि लेबल कसे वाचावे हे मला बाटलीच्या नावापेक्षा महत्त्वाचे वाटते.

सुरुवात लेबलाच्या पहिल्याच ओळीपासून करायला हवी, कारण आमची पहिली चूक तिथेच झाली. बाटलीच्या दर्शनी बाजूवर ‘बी१२ – ५०० मायक्रोग्रॅम’ असे ठळक अक्षरांत आहे. मागच्या तक्त्यावर मात्र बारीक अक्षरांत ‘एक मात्रा : दोन कॅप्सूल’ असे लिहिलेले आहे, म्हणजे तक्त्यातला प्रत्येक आकडा दोन कॅप्सूल मिळून आहे. पहिले पंधरा दिवस आई रोज एकच कॅप्सूल घेत होती आणि तिला सांगितलेल्या मात्रेच्या निम्मेच मिळत होते. बाटलीत ६० कॅप्सूल असल्याने ती दोन महिने पुरेल असे आम्ही धरून चाललो होतो, प्रत्यक्षात ती एका महिन्याची होती. तक्ता खरा असला तरी दर्शनी बाजू वाचणाऱ्याची दिशाभूल करते, आणि ज्याला हे डॉक्टरांच्या सांगण्यावरून घ्यायचे आहे त्याच्या बाबतीत ही दिशाभूल किरकोळ म्हणता येत नाही.

आता बी१२. प्रौढ माणसाची रोजची गरज अमेरिकेच्या शिफारशीनुसार २.४ मायक्रोग्रॅम आहे, तेव्हा ५०० हा आकडा प्रथमदर्शनी अवाढव्य वाटतो, पण तो तसा नाही. जठरात तयार होणाऱ्या इन्ट्रिन्सिक फॅक्टर नावाच्या प्रथिनाला चिकटून बी१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते आणि ही वाट एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच्या पुढे जाऊ देत नाही. त्याशिवाय उरलेल्या मात्रेचा साधारण एक टक्का भाग या प्रथिनाच्या मदतीविनाच आतड्यातून झिरपून आत जातो. म्हणजे ५०० मायक्रोग्रॅमपैकी जेमतेम सहा-सात अंगी लागतात. ज्यांची पहिली वाट बिघडलेली आहे, त्यांना या एक टक्क्यावरच अवलंबून राहावे लागते आणि म्हणूनच मोठ्या मात्रेला येथे खरा आधार आहे. बी१२साठी कमाल सुरक्षित मर्यादा ठरवण्यात आलेली नाही, कारण तोंडावाटे घेतलेल्या मोठ्या मात्रेचे ठोस दुष्परिणाम आढळलेले नाहीत. या लेबलावरील ज्या एका मोठ्या आकड्याचे कारण देता येते तो हाच.

या कॅप्सूलमधील बी१२ मिथिलकोबालमिन या रूपात आहे आणि लेबलावर त्याला ‘सक्रिय रूप’ म्हणून मिरवले आहे. विधान खोटे नाही, पण त्यावरून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. सायनोकोबालमिन घ्या किंवा मिथिलकोबालमिन, पेशीत शिरल्यावर त्याला जोडलेला सायनो किंवा मिथिल गट आधी सुटतो आणि मग पेशी आपल्याला हवे ते रूप, म्हणजे मिथिलकोबालमिन किंवा अॅडेनोसिलकोबालमिन, स्वतः घडवते. सायनोकोबालमिनमध्ये सायनाइड असते हे ऐकून काही जण दचकतात. रेणूच्या वजनात त्याचा वाटा सुमारे दोन टक्के आहे, म्हणजे ५०० मायक्रोग्रॅममागे दहाएक मायक्रोग्रॅम, आणि ही मात्रा निरोगी माणसाला अपायकारक ठरण्याच्या आसपासही जात नाही. टिकाऊपणात मात्र सायनोकोबालमिन सरस आहे, मिथिलकोबालमिन प्रकाशात लवकर बिघडते. आणि ही कॅप्सूल येते फिकट निळ्या, आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या बाटलीत. याच कॅप्सूलमधील रायबोफ्लेविनही (बी२) प्रकाशाने नष्ट होते. प्रकाशाला नाजूक असे घटक निवडायचे, ती निवड जाहिरातीत मिरवायची आणि मग ते पारदर्शक बाटलीत भरायचे, यात विचाराची उणीव उघड दिसते. आम्ही बाटली आणल्या दिवसापासून कपाटाच्या बंद कप्प्यात ठेवली, तरी दुकानाच्या दिव्याखाली ती आधी किती दिवस उभी होती हे कोणाला कळणार?

बी६वर मला अधिक थांबायचे आहे, कारण ब जीवनसत्त्वांविषयीचा सर्वांत रुजलेला गैरसमज येथेच उघडा पडतो. ‘पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे आहेत, जास्त झाली तर लघवीवाटे निघून जातील’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे आणि मीही ते कित्येकांना सांगितलेले आहे. बी६ला ते लागू पडत नाही. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय निबंधात रोज दोन ते सहा ग्रॅम पायरिडॉक्सिन, म्हणजे गोळ्यांत वापरले जाणारे बी६, घेणाऱ्या सात जणांचे वर्णन आले. त्यांच्या हातापायांची संवेदना गेली होती आणि चालताना तोल जात होता. त्या मात्रा प्रचंड होत्या, पण नंतरच्या काळात त्याहून बऱ्याच कमी मात्रा महिनोन्महिने घेणाऱ्यांमध्येही चेतातंतूंना इजा झाल्याची नोंद झाली. अमेरिकेत बी६ची कमाल सुरक्षित मर्यादा रोज १०० मिलिग्रॅम आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मात्र आपली आधीची २५ मिलिग्रॅमची मर्यादा २०२३ साली १२ मिलिग्रॅमवर आणली. दोन जबाबदार संस्थांच्या मर्यादांमध्ये आठपटीचे अंतर असताना, ज्याला डॉक्टरांनी बी६ मुद्दाम दिलेले नाही त्याने कमी आकड्याच्या बाजूने राहणे मला शहाणपणाचे वाटते. गरज आहेच किती? तरुण प्रौढांना १.३ मिलिग्रॅम, आणि पन्नाशीनंतर स्त्रियांना १.५ व पुरुषांना १.७.

या लेबलावर बी६ आहे २५ मिलिग्रॅम. तेही कसे लिहिले आहे पाहा : ‘पायरिडॉक्सिन हायड्रोक्लोराइड २५ मिग्रॅ’. हा आकडा क्षाराच्या वजनाचा की त्यातील पायरिडॉक्सिनच्या वजनाचा, हे स्पष्ट होत नाही. क्षाराचा असेल तर त्यात पायरिडॉक्सिन सुमारे ८२ टक्के, म्हणजे साडेवीस मिलिग्रॅम भरते. पायरिडॉक्सिनचा असेल तर पूर्ण २५. दोन्ही वाचनांत तो युरोपच्या मर्यादेच्या वरच जातो, त्यामुळे निकाल बदलत नाही, पण काळजीपूर्वक लिहिलेल्या लेबलावर ‘पायरिडॉक्सिन (पायरिडॉक्सिन हायड्रोक्लोराइडच्या रूपात)’ अशी नोंद असते आणि आकडा कशाचा हे वाचणाऱ्याला ताडावे लागत नाही.

एके संध्याकाळी मी आईच्या सर्व बाटल्या टेबलावर मांडून कागदावर बेरीज केली. या कॅप्सूलमधून २५, पायात गोळे येतात म्हणून ती घेत असलेल्या मॅग्नेशियमच्या गोळीतून १०, आणि रोजच्या मल्टिव्हिटॅमिनमधून ३. एकूण ३८ मिलिग्रॅम, म्हणजे तिच्या गरजेच्या सुमारे पंचवीसपट. मॅग्नेशियमच्या गोळीत बी६ आहे हे मला त्या संध्याकाळपर्यंत ठाऊकच नव्हते. पायांना मुंग्या येतात म्हणून लोक बी-कॉम्प्लेक्स सुरू करतात, आणि बी६च्या अतिमात्रेचे पहिले लक्षणही पायांना मुंग्या येणे हेच असते; अशा वेळी मुंग्या वाढल्या तर माणूस गोळी बंद करण्याऐवजी दुसरी वाढवतो. म्हणून एकाच बाटलीचे लेबल वाचून भागत नाही, घरातल्या सगळ्या बाटल्यांचा एकत्र हिशेब मांडावा लागतो.

दुसरी तक्रार बायोटिनची (बी७) आहे आणि तिचा आम्हाला प्रत्यक्ष अनुभव आला. आईची थायरॉइडची गोळीही चालू आहे आणि दर सहा महिन्यांनी तिची तपासणी होते. कॅप्सूल सुरू केल्यानंतरच्या पहिल्याच तपासणीत टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) एकदम खाली गेलेले आणि टी४ (थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक) वाढलेले आले. अहवाल खरा मानायचा तर तिची थायरॉइडची मात्रा कमी करायला हवी होती. पण तिला छातीत धडधड नव्हती, वजन उतरले नव्हते, झोप नेहमीसारखी होती. डॉक्टरांनी अहवाल बाजूला ठेवला आणि विचारले, “काकू, आमच्याकडच्या गोळ्यांखेरीज आणखी काय काय घेता?” आईने पिशवीतून ही बाटली काढून दिली. त्यांनी तक्त्यावरून बोट फिरवत नेले आणि बायोटिनपाशी थांबले : ५००० मायक्रोग्रॅम. कॅप्सूल पाच दिवस बंद ठेवून पुन्हा रक्त दिले तेव्हा दोन्ही आकडे तिच्या नेहमीच्या पातळीवर होते. थायरॉइडची मात्रा बदलावी लागली नाही.

हे घडते कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. रक्ततपासणीच्या अनेक पद्धतींमध्ये बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन या जोडीचा उपयोग गळ टाकल्यासारखा केला जातो, कारण ही दोन द्रव्ये एकमेकांना विलक्षण घट्ट चिकटतात. रक्तातच बायोटिन भरपूर असेल तर ते स्ट्रेप्टाव्हिडिनच्या जागा अडवून बसते आणि यंत्राला मिळणारा संकेत घटतो. टीएसएचच्या चाचणीत संकेत कमी म्हणजे आकडा कमी, तर टी४च्या चाचणीची रचना उलट असल्याने संकेत कमी म्हणजे आकडा जास्त. म्हणून थायरॉइडचे काम वाढल्याचे हुबेहूब चित्र उभे राहते. हृदयविकाराच्या झटक्याच्या निदानासाठी होणारी ट्रोपोनिनची चाचणीही काही यंत्रांवर याच कारणाने खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली याबाबत जाहीर इशारा दिला आणि अशा चुकीच्या ट्रोपोनिन अहवालानंतर एका रुग्णाचा मृत्यू झाल्याची नोंद आपल्याकडे आल्याचेही त्यात सांगितले. या बाटलीवर त्याविषयी एक शब्दही नाही. चार शब्दांची सूचना छापायला जागा नव्हती असे म्हणवत नाही, कारण त्याच बाजूला केस, त्वचा आणि नखे यांची चित्रे आहेत.

बायोटिनची पुरेशी मानली जाणारी रोजची मात्रा ३० मायक्रोग्रॅम आहे. ५००० म्हणजे तिच्या सुमारे १६७ पट. बायोटिनची खरी कमतरता दुर्मिळ आहे आणि ती नसलेल्या माणसाचे केस मोठ्या मात्रेने दाट होतात याला भक्कम पुरावा नाही. टक्क्यांच्या स्तंभाविषयीही येथेच सांगायला हवे. अमेरिकी लेबलांवरचे संदर्भमूल्य पूर्वी बायोटिनसाठी ३०० मायक्रोग्रॅम होते, ते २०१६च्या नियमाने ३० झाले. बी१२चे ६ वरून २.४ झाले. त्यामुळे आत तीच कॅप्सूल असूनही जुन्या लेबलावर बायोटिनचे जे १०० टक्के होते ते नव्या लेबलावर १००० टक्के दिसते. टक्केवारीवरून दोन बाटल्यांची तुलना करू नये, मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅमच पाहावेत, हा धडा मी यातून घेतला.

फोलेटची (बी९) बाजू मला बरीचशी पटली. लेबलावर ‘६८० मायक्रोग्रॅम डीएफई’ असे लिहून कंसात ४०० मायक्रोग्रॅम दिले आहे. डीएफई म्हणजे आहारातील फोलेटशी समतुल्य केलेली मात्रा. गोळीतील फॉलिक अॅसिड अन्नातील फोलेटपेक्षा चांगले शोषले जाते म्हणून त्याला १.७ने गुणतात आणि ४००चे ६८० होतात. प्रौढांची गरज ४०० डीएफईची आहे, तेव्हा ही मात्रा गरजेच्या वर असली तरी संयत म्हणता येते. फॉलिक अॅसिडसाठी १००० मायक्रोग्रॅमची मर्यादा आखण्यामागे एक गंभीर कारण आहे : बी१२ कमी असताना भरपूर फॉलिक अॅसिड दिले तर रक्तक्षय सुधारलेला दिसतो, पण चेतातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. आईसारख्या रुग्णाच्या बाबतीत म्हणूनच आधी बी१२ पाहणे आवश्यक असते. या कॅप्सूलमध्ये फॉलिक अॅसिडऐवजी मिथिलफोलेट आहे आणि ‘अनेकांचे शरीर फॉलिक अॅसिड वापरूच शकत नाही’ असे विधान बाटलीवर केलेले आहे. हे विधान अतिरंजित आहे. एमटीएचएफआर या जनुकाचा वेगळा प्रकार असणाऱ्यांमध्ये फॉलिक अॅसिडपासून शरीरात मिथिलफोलेट घडण्याची प्रक्रिया काहीशी मंद असते, तरी त्यांचेही शरीर फॉलिक अॅसिड वापरते. गर्भाच्या चेतानलिकेतील (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात) दोष टाळण्यासाठी ज्याचा परिणाम मोठ्या चाचण्यांनी सिद्ध झाला आहे ते फॉलिक अॅसिडच आहे. गर्भधारणेच्या विचारात असलेल्या स्त्रीने या विधानावर विसंबून फॉलिक अॅसिड सोडून देऊ नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण ती नलिका गर्भधारणेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांतच मिटते आणि तोवर अनेकींना दिवस राहिल्याचे कळलेलेही नसते.

उरलेल्यांपैकी थायमिन, रायबोफ्लेविन आणि पॅन्टोथेनिक आम्ल यांच्याबद्दल फारसे बोलण्यासारखे नाही. तिन्ही गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहेत आणि तिन्हींपासून या मात्रेत अपाय झाल्याचे ज्ञात नाही. झाकण उघडताच येणारा उग्र, गंधकाच्या अंगाने जाणारा वास थायमिनचा, आणि एक कॅप्सूल फोडून पाहिली तेव्हा बोटाला लागलेला व धुतल्यावरही नखाच्या कडेला राहिलेला पिवळा रंग रायबोफ्लेविनचा. कॅप्सूल घेतल्यावर दोन तासांनी लघवी झळझळीत पिवळी होते, तीही त्यामुळेच. आई पहिल्या दिवशी घाबरली होती. यात धोका काही नाही. एका वेळी सुमारे २७ मिलिग्रॅमपर्यंतच रायबोफ्लेविन शोषले जाते आणि शरीराला नको असलेले बाहेर पडते. पण इतक्या सर्वसाधारण गोष्टीची एक ओळ बाटलीवर असती तर एका वयस्क बाईची चिंता वाचली असती.

नायसिनच्या (बी३) बाबतीत रूप पाहणे महत्त्वाचे असते. निकोटिनिक अॅसिड असेल तर तीस-पन्नास मिलिग्रॅमनंतरच चेहरा लाल होणे, अंग तापल्यासारखे वाटणे, खाज येणे असे त्रास अनेकांना होतात; निकोटिनामाइडने ते होत नाहीत. युरोपातील मर्यादा या दोन रूपांसाठी १० आणि ९०० मिलिग्रॅम इतक्या भिन्न आहेत. येथे ५० मिलिग्रॅम निकोटिनामाइड आहे आणि लेबलावर रूप स्पष्ट लिहिले आहे. ही निवड योग्य आहे.

तक्त्याच्या शेवटी कोलीन, इनॉसिटॉल आणि पाबा प्रत्येकी २५ मिलिग्रॅम दिलेले आहेत. ही ब जीवनसत्त्वे नाहीत. कोलीन शरीराला खरोखरच लागते, पण स्त्रियांना ४२५ आणि पुरुषांना ५५० मिलिग्रॅम. त्यापुढे २५ म्हणजे तक्ता लांबवण्यापलीकडे काही नाही. त्याखाली ‘ऊर्जा मिश्रण १५० मिलिग्रॅम’ या नावाने तीन वनस्पतींचे अर्क आहेत आणि कोणता किती हे सांगितलेले नाही. ज्याचे प्रमाण सांगितले जात नाही त्याचे मूल्यमापन करता येत नाही आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्या व्यक्तीला ते द्यावे की नाही हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. मी तर एवढ्या एका ओळीवरून ही बाटली दुकानातच परत ठेवायला हवी होती. पूरक घटकांमध्ये सेल्युलोज, मॅग्नेशियम स्टिअरेट आणि सिलिका आहेत, कॅप्सूलचे आवरण वनस्पतिजन्य आहे, कृत्रिम रंग नाही. येथे आक्षेप घेण्यासारखे काही आढळले नाही.

साडेतीन महिन्यांनी आईचे बी१२ अपेक्षित पातळीवर आले, हे कॅप्सूलच्या बाजूने प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. डॉक्टरांच्या संमतीने आता ती ५०० मायक्रोग्रॅमची साधी सायनोकोबालमिनची गोळी घेते, एकच, रोज एक, गडद तपकिरी बाटलीतून. मॅग्नेशियमची गोळी बी६ नसलेली आणली आहे. मल्टिव्हिटॅमिन तेच ठेवले, कारण त्यातील बी६चे ३ मिलिग्रॅम आणि बायोटिनचे ३० मायक्रोग्रॅम मला खटकत नाहीत.

उत्पादकाला मी तीन प्रश्न लिहून पाठवले होते : बी६चा आकडा क्षाराचा की पायरिडॉक्सिनचा, या तुकडीची त्रयस्थ प्रयोगशाळेतील तपासणी झाली आहे का, आणि मुदत संपण्याच्या दिवशी मिथिलकोबालमिन किती उरते. आठ दिवसांत विनम्र उत्तर आले. पहिल्याला ‘क्षाराचा’ असे स्पष्ट उत्तर होते आणि त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. दुसऱ्यासोबत एक प्रमाणपत्र जोडलेले होते, त्यावर जड धातू आणि जिवाणूंच्या चाचण्या होत्या, जीवनसत्त्वांच्या प्रमाणाची एकही नव्हती. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आलेले नाही. बायोटिन आणि रक्ततपासण्यांविषयीची सूचना बाटलीवर छापावी अशी विनंती मी त्यानंतरच्या पत्रात केली आहे. ती छापली गेली तर या परीक्षणात तशी दुरुस्ती करीन.